आयत्या वेळी येणारं मॉड्यूल

पायथॉनच्या इंटरव्ह्यूत हमखास येणारा एक प्रश्न आहे. मॉड्यूलचं नाव आधी माहीत नाही, प्रोग्रॅम चालू झाल्यावरच कळणार आहे, तर ते लोड कसं करशील? उत्तर एका ओळीचं. इम्पोर्टलिब घ्यायचं, त्यातल्या इम्पोर्ट-मॉड्यूल फंक्शनला नावाची स्ट्रिंग द्यायची, संपलं. विचारणारा मान हलवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. पण या एका ओळीच्या मागे साठेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा देवनागरीपर्यंत, खरं सांगायचं तर पार इंदापूर तालुक्यापर्यंत येतो. या वीकांताला तोच धागा धरतोय. कोड अजिबात नाही, तेव्हा आयटीबाहेरच्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही. :)

आधी मूळ मुद्दा. माझं गाव लोणी देवकर, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं. गावाकडे ट्रॅक्टर घेताना कोणी त्याला नांगर वेल्ड करून घेत नाही. ट्रॅक्टरच्या मागे तीन टोकांची जोडणी असते. आज तिथे नांगर लागतो, पुढच्या आठवड्यात रोटाव्हेटर, मग पेरणीयंत्र. ही जोडणी आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनने १९२० च्या दशकात आणली आणि नंतर जगभरच्या ट्रॅक्टरांनी उचलली. गंमत अशी की ट्रॅक्टर बनवणाऱ्याला तुमचं औजार माहीत असायची गरजच नाही. उद्या कोणी तिसरंच काहीतरी बनवलं तरी जोडणीचं माप पाळलं की झालं. काय जोडायचं हा निर्णय कारखान्यात होत नाही, शेतात होतो.

सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला बहुतेक सगळं ‘वेल्डिंग’च होतं. प्रोग्रॅम लिहायचा, त्याला लागणारे सगळे तुकडे लिंकरने एकत्र सांधायचे आणि एक अखंड वस्तू तयार करायची. याला स्टॅटिक लिंकिंग म्हणतात. नवीन काही हवं असेल तर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांधा.

हा निर्णय पुढे ढकलायची कल्पना खऱ्या अर्थाने मल्टिक्समध्ये आली. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक या तिघांनी १९६० च्या दशकाच्या मध्याला सुरू केलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यात एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला नावाने हाक मारली की त्या क्षणी मुद्दाम एक अडथळा यायचा. सिस्टिम थांबायची, ठरलेल्या नियमांनी एकेका डिरेक्टरीत ते नाव शोधायची, सापडलं की दुवा पक्का करून द्यायची आणि काम पुढे चालू. दुसऱ्यांदा तीच हाक मारली तर शोधाशोध नाही, थेट रस्ता. रॉबर्ट डेली आणि जॅक डेनिस यांनी १९६८ साली या सगळ्या रचनेवर एक निबंध लिहिला. आजचा पायथॉन प्रोग्रॅमर तो वाचायला बसला तर त्याला ओळखीचं घर दिसेल. डिरेक्टऱ्यांची यादी म्हणजे आपला सिस-पाथ, आणि एकदा सापडलेल्याची आठवण ठेवणं म्हणजे सिस-मॉड्यूल्स.

बेल लॅब्ज १९६९ मध्ये मल्टिक्समधून बाहेर पडली आणि तिथल्याच केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स केलं. लहान, सुटसुटीत. त्यात ही चैन नव्हती. युनिक्सच्या घराण्यात ती रुजायला बराच काळ गेला. सनच्या सनओएस ४.० मध्ये, म्हणजे १९८८ साली, चालू प्रोग्रॅमला बाहेरची लायब्ररी जोडायची सोय आली. मल्टिक्सचं शेवटचं मशीन कॅनडात ऑक्टोबर २००० मध्ये बंद झालं, पण तोपर्यंत तिची ही कल्पना सगळीकडे पोचलेली होती.

पायथॉनचा जन्म याच सुमाराचा. गुइडो व्हान रॉसमने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत अॅम्स्टरडॅममध्ये तो लिहायला घेतला, पहिली आवृत्ती बाहेर आली फेब्रुवारी १९९१ मध्ये. पायथॉनचं वेगळेपण असं की त्यात इम्पोर्ट ही ‘चालवायची’ ओळ आहे. सी भाषेत वरती इन्क्लूड लिहिलं की ते काम कंपाइल करताना उरकतं. पायथॉनमध्ये प्रोग्रॅम त्या ओळीपाशी पोचला की मगच फाइल शोधली जाते, वाचली जाते, चालवली जाते. म्हणजे पायथॉनमधला प्रत्येक इम्पोर्ट आयत्या वेळचाच आहे. फरक एवढाच, की कधी नाव आपण ओळीतच लिहिलेलं असतं आणि कधी ते स्ट्रिंगमधून येतं. वापरकर्त्याकडून, एखाद्या सेटिंगच्या फाइलमधून, कुठूनही.

या दुसऱ्या प्रकाराला व्यवस्थित रूप यायला मात्र वीस-बावीस वर्षं लागली. आधी अंडरस्कोरांमध्ये गुंडाळलेलं इम्पोर्ट नावाचं फंक्शन आणि ‘इम्प’ नावाचं मॉड्यूल होतं. मग डिसेंबर २००२ मध्ये जस्ट व्हान रॉसम (गुइडोचा भाऊ) आणि पॉल मूर यांनी पेप ३०२ हा प्रस्ताव लिहिला. त्याचं म्हणणं असं, की मॉड्यूल डिस्कवरच्या फाइलमध्येच असायला हवं असं कुठे आहे? शोधणारा वेगळा आणि आणणारा वेगळा करा, मग ते झिपमधून येवो नाहीतर नेटवर्कवरून. २००३ च्या पायथॉन २.३ मध्ये ही सोय आली. पुढे ब्रेट कॅननने इम्पोर्टलिब लिहिलं. ते २००९ मध्ये पायथॉन ३.१ सोबत आलं, आणि २०१२ च्या ३.३ पासून तर खुद्द इम्पोर्ट ही ओळच इम्पोर्टलिबच्या आधारे चालू लागली. जुनं इम्प ऑक्टोबर २०२३ मध्ये ३.१२ मधून काढूनही टाकलं. त्या वेळी किती जुने प्रोग्रॅम कण्हायला लागले ते ज्यांनी निस्तरलं त्यांना विचारा.

असो. आता देवनागरीकडे वळतो.

मी जन्मलो त्याच्या आधीची गोष्ट. कानपूरच्या आयआयटीत १९८३ साली देवनागरी टर्मिनल तयार झालं. ते काम पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलं. नाव जिस्ट. मोहन तांबे हे त्या कामातलं महत्त्वाचं नाव. पीसीच्या आत एक जिस्ट कार्ड खोचायचं, की डीबेस, वर्डस्टार असले डॉसवरचे अक्षरी प्रोग्रॅम भारतीय लिप्या दाखवायला लागायचे. प्रोग्रॅममध्ये काहीही बदल न करता! अमेरिकेत लिहिलेल्या डीबेसला मराठी येत नव्हतं आणि येण्याची गरजही नव्हती. जोडणीचं माप जुळलं होतं, बस.

हे माप म्हणजे इस्की. १९८८ मध्ये ते आलं आणि १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून भारतीय मानक झालं. एका बाइटमध्ये २५६ जागा. खालच्या १२८ इंग्रजीसाठी जशाच्या तशा, वरच्या आपल्यासाठी. क म्हणजे १७९. आणि इथे एक हुशारी आहे. मराठीचा क, बंगालीचा क, गुजरातीचा क, तेलुगूचा क, सगळे १७९ च. ब्राह्मीतून आलेल्या लिप्यांचं उच्चारांचं कोष्टक एकच, म्हणून साठवताना फक्त अक्षर साठवायचं. कोणत्या लिपीत दाखवायचं ते दाखवायच्या वेळी ठरवायचं, त्यासाठी २३९ हा वेगळा खुणेचा बाइट. निर्णय पुढे ढकलायचा... मल्टिक्सचीच वृत्ती, वेगळ्या जागी. ऑक्टोबर १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने मात्र प्रत्येक लिपीला आपली स्वतंत्र जागा दिली. देवनागरीच्या १२८ जागांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे.

आता पायथॉन आणि ही अक्षरं यांची भेट. ऑक्टोबर २००० मध्ये पायथॉन २.० आला आणि त्यात युनिकोड आलं. मार्क-आंद्रे लेम्बुर्गने त्याची रचना केली. जगात अक्षरांच्या शेकडो सांकेतिक पद्धती, सगळ्या पोटात घेऊन बसलं तर पायथॉनचं वजन किती होईल? मग मार्ग काय काढला, तर ‘एन्कोडिंग्ज’ नावाचं एक पॅकेज, त्यात एकेका पद्धतीची एकेक फाइल. तुम्ही बाइट देता आणि म्हणता, हे अमुक पद्धतीने वाच. पायथॉन ते नाव घेतो, छोट्या लिपीत करतो, मधल्या आडव्या रेघांच्या जागी अंडरस्कोर घालतो, टोपणनावांच्या यादीत बघतो आणि त्या नावाचं मॉड्यूल त्याच क्षणी इम्पोर्ट करतो. सापडलं तर लक्षात ठेवतो. नाही सापडलं तर लुकअप एरर. म्हणजे स्ट्रिंगमधून नाव घेऊन मॉड्यूल लोड करायचं तंत्र आपण रोज वापरत असतो, फक्त ते भाषेच्या पोटात दडलेलं असल्यामुळे दिसत नाही.

त्या पॅकेजच्या फायली एकदा सवडीने चाळून बघा. ग्रीक आहे, सिरिलिक आहे, हिब्रू, अरबी, थाई आहे. जपानीच्या कितीतरी. जुन्या आयबीएम मेनफ्रेमच्या आहेत. इस्की नाही. विंडोजकडे तिच्यासाठी सी-इस्की नावाची स्वतंत्र डीएलएल आहे आणि देवनागरी इस्कीला ५७००२ हा कोडपेज क्रमांकही आहे, तीही मागितली तरच मेमरीत येणारी. पायथॉनच्या पेटीत मात्र त्या नावाची फाइल नाही.

यात कोणाचा कट वगैरे शोधू नका. पॅकेजची रचनाच अशी आहे की ज्याला गरज त्याने फाइल लिहावी. दार सगळ्यांना उघडं आहे, पण उघड्या दारातून कोणीतरी आत यावं लागतं.

मला याची गरज पडली ती गावाकडून. आमच्या भागात उजनीच्या फुगवट्यावरून पाणी उचलणाऱ्या उपसा संस्था आहेत. अशाच एका जुन्या संस्थेच्या सभासदांची यादी नव्वदच्या दशकात कोणीतरी संगणकावर चढवलेली होती. भागाची रक्कम कोणी किती भरली, गट नंबर काय, वारस कोण. कागदाच्या वहीची पानं वाळवीने खाल्ली. उरली ती फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेन ड्राइव्हवर आलेली एक डीबेसची फाइल. आमचे एक चुलते, त्यांना सगळे तात्या म्हणतात, ती घेऊन आले. “तू कॉम्प्युटरवाला ना? बघ बरं, हे उघडतंय का. माझ्या वडलांनी भाग भरलेला होता म्हणतात, पण आता दाखवायला काय नाही.”

फाइल उघडली. गट नंबर आणि रकमा स्वच्छ दिसत होत्या, कारण ते साधे इंग्रजी आकडे. नावांच्या जागी नुसती खिचडी. त्यातही वरच्या अंगाला लिहिलेला बारीक ‘३’ पुन्हा पुन्हा येत होता. पाश्चात्त्य युरोपीय पद्धतीत १७९ म्हणजे हाच बारीक तीन. मराठी नावांत ‘क’ किती वेळा येतो ते तुम्हाला माहीतच आहे. इस्कीच होती ती.

मग पायथॉनला म्हटलं, इस्कीने वाच. तो म्हणाला, अशी पद्धत माहीत नाही. अपेक्षितच होतं. पण हीच या रचनेची मोठी गोष्ट. पायथॉनच्या मूळ फायलींना हात लावायचा नाही, कोणाची परवानगी मागायची नाही. आपलं एक शोधणारं फंक्शन लिहून कोडेक्समध्ये नोंदवायचं. पुढच्या वेळी कोणी इस्की म्हटलं की पायथॉन आपल्या फंक्शनला विचारतो, आणि ते आपलं मॉड्यूल पुढे करतं. तीन टोकांच्या जोडणीला नवं औजार.

एक दुपार गेली. आधी वाटेल की १७९ च्या जागी युनिकोडचा क, १८० च्या जागी ख, असं कोष्टक लिहिलं की झालं. बरंचसं होतंही. ऱ्हस्व वेलांटीसुद्धा त्रास देत नाही, कारण इस्की ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनानंतर साठवते. जुन्या फॉन्टांसारखी दिसते तशी आधी नाही. पण काही ठिकाणी पुढचा बाइट पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. २३२ म्हणजे हलन्त. दोन हलन्त लागोपाठ आले तर पाय मोडलेला स्पष्ट दाखवायचा. हलन्तानंतर २३३, म्हणजे नुक्ता आला, तर अर्धं अक्षर दाखवायचं. कोष्टकाला जोडून थोडं तर्कशास्त्रही लिहावं लागतं.

आणि मग आला ‘शेतकऱ्याचे’ हा शब्द. यातला र साधा नाही, तो डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा अर्धा र. हिंदीवाल्यांना त्याची गरज पडत नाही, आपल्याला पावलोपावली पडते. इस्कीत तो २०८, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, अधिक हलन्त. युनिकोडने हा नियम इस्कीवरून तसाच उचलला आणि मराठीचं नाव घेऊन लिहून ठेवला. त्यामुळे तिथे मला काहीच करावं लागलं नाही. २०८ च्या जागी युनिकोडचा ऱ ठेवला आणि ‘शेतकऱ्याचे’ जसंच्या तसं उभं राहिलं. ते नियम लिहिणाऱ्या कोणाला तरी मराठीची ही पापणी आठवली होती. बरं वाटलं.

तात्यांच्या वडलांचं नाव यादीत होतं. पुढे गट नंबर आणि रक्कम. तात्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचलं आणि म्हणाले, “प्रिंट काढ. दोन काढ.”

आता थोडं दुसऱ्या बाजूचं, कारण आयत्या वेळी लोड करण्याचे फायदेच सांगत राहिलो तर ते अर्धवट होईल.

पहिलं, बिघाड उशिरा कळतो. वेल्ड केलेल्या यंत्रात तुकडा कमी असेल तर कारखान्यातच कळतं. इथे मात्र प्रोग्रॅम महिनोन् महिने नीट चालतो आणि ज्या दिवशी कोणी ते नाव उच्चारतं त्या दिवशी पडतो. दुसरं, पॅक करणाऱ्या हत्यारांना असे इम्पोर्ट दिसतच नाहीत. ती कोड वाचून कोणती मॉड्यूल लागतील ते ठरवतात, पण स्ट्रिंगमधलं नाव त्यांना कसं कळणार? त्यामुळे ‘माझ्या मशीनवर चालतंय’ आणि ग्राहकाकडे अननोन एन्कोडिंग, हा अनुभव खूप जणांचा. तिसरं, आलेला पाहुणा सहज जात नाही. कोडेक्समध्ये फंक्शन नोंदवायची सोय २००० पासून आहे, नोंद रद्द करायची सोय आली २०२१ च्या पायथॉन ३.१० मध्ये. एकवीस वर्षांनी!

आणि चौथं सगळ्यात महत्त्वाचं. नाव बाहेरून येतंय म्हणजे ते कोण देतंय हे बघायला हवं. एन्कोडिंग्जच्या त्या फाइलमध्ये दोन लहानशा खबरदाऱ्या आहेत. नावात टिंब असेल तर ते मॉड्यूल शोधायचंच नाही. आणि शोध याच पॅकेजच्या आत घ्यायचा, बाहेर नाही. का, तर कोणीतरी एन्कोडिंगचं नाव म्हणून भलत्याच मॉड्यूलचं नाव देईल, आणि पायथॉनमध्ये इम्पोर्ट करणं म्हणजे ती फाइल चालवणं. वेबवरून आलेली स्ट्रिंग तशीच इम्पोर्टलिबला देणं म्हणजे रस्त्यावरच्या कोणालाही ट्रॅक्टरच्या मागे हवं ते जोडू देण्यासारखं आहे. इंजिनला फरक पडत नाही, ते ५४० फेऱ्यांनी शाफ्ट फिरवणारच. मागे काय आहे ते आपणच बघायचं. स्वतःच्या प्लगइनसाठी असं काही लिहिणार असाल तर चालतील त्या नावांची यादी आधी ठरवा, एक ठरलेलं पॅकेज ठेवा, आणि प्रोग्रॅम सुरू होतानाच सगळी मॉड्यूल एकदा मिळतात का ते तपासा.

एवढं सांभाळलं तर ही कल्पना मोठी आहे असंच मला वाटतं. मल्टिक्सच्या लोकांना पायथॉन माहीत नव्हता, डीबेसवाल्यांना ‘ळ’ माहीत नव्हता, लेम्बुर्गला उपसा संस्थेची यादी माहीत असण्याचं कारण नाही. पण प्रत्येकाने आपल्या रचनेत एक जागा अशी सोडली, की मला न सुचलेलं कोणीतरी इथे येऊन बसेल.

जागा सोडणं ही मात्र अर्धीच गोष्ट. नव्वदच्या दशकात सहकारी संस्थांत, कचेऱ्यांत, छापखान्यांत मराठीत टाइप केलेलं किती काय अजून कोणाकोणाच्या कपाटात पडलेलं असेल. त्यातलं बरंचसं इस्कीतही नाही, त्या त्या कंपनीच्या फॉन्टच्या खाजगी सांकेतिक भाषेत आहे. प्रत्येकाला आपलं एक कोष्टक लागेल, एक फाइल लागेल. त्या वेळी टाइप करणारी माणसं आज साठीकडे झुकलीत, आणि कोणत्या वर्षी कोणता फॉन्ट वापरला होता हे फक्त त्यांनाच आठवतं. फाइल लिहायला एक दुपार पुरते. विचारायला मात्र ती माणसं आहेत तोवरच जायला हवं.